तुळशीवरील कीड आणि गृहस्थाची अहिंसा

अहिंसा श्रेष्ठ आहे हे प्रत्येक गृहस्थ मान्य करतो. युद्ध, मृगया, मांसाहार यांविषयी बोलताना त्याला आपले मतही चटकन सांगता येते. परंतु एखाद्या सकाळी तुळशीला पाणी घालताना पानांच्या मागील बाजूस शेकडो बारीक जीव चिकटून बसलेले दिसले, म्हणजे त्याच गृहस्थाचा निश्चय डळमळू लागतो. जिला तो रोज नमस्कार करतो तिचा रस हे जीव शोषीत असतात. त्यांना मारावे तर हिंसा घडते, आणि तीही देवाच्या दारात. न मारावे तर डोळ्यांदेखत तुळस वाळते. अशा वेळी धर्म कोणता? प्रश्न दिसावयास लहान आहे. तथापि कर्म करावे की न करावे, या गीतेतील मूळ प्रश्नाचेच हे घरगुती रूप आहे; म्हणून त्याचा नीट विचार होणे उचित आहे.

तुळस ही कोणा एका प्रांताची नाही. महाराष्ट्रात ती वृंदावनात असते, गुजरातेत तुळसीक्यारोत, हिंदी प्रदेशात तुलसी-चौऱ्यावर, बंगालात तुलसीमंचावर, तामिळनाडूत तुळसीमाडमात आणि केरळात तुळसीत्तरेवर. शहरातील सदनिकेत अंगण उरले नाही, तरी सज्जातील एका कुंडीत ती असतेच. इतर झाडे मनुष्य फळासाठी, फुलासाठी किंवा सावलीसाठी लावतो. तुळस तो घरातील एक वडीलधारे माणूस म्हणून ठेवतो. तिचे पान नैवेद्यावर ठेवले जाते, तीर्थात पडते, आजाऱ्याच्या काढ्यात जाते आणि मरणाऱ्याच्या मुखीही घातले जाते. म्हणून तुळशीला लागलेली कीड ही गृहस्थाला केवळ बागेतील अडचण वाटत नाही. घरातले कोणी आजारी पडावे तशी त्याच्या मनाची स्थिती होते.

हे जीव कोण व ते काय करतात, हे प्रथम जाणून घेतले पाहिजे. कारण वस्तू न जाणता केलेली दया आणि वस्तू न जाणता केलेला क्रोध, दोन्ही आंधळेच असतात. तुळशीवर मुख्यतः मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, तुडतुडे आणि जाळीदार पंखांचे अगदी लहान ढेकूण आढळतात. यांना पाने कुरतडणारे दात नसतात. सुईसारखी बारीक सोंड ते पानात किंवा कोवळ्या देठात खुपसतात आणि आतील रस ओढतात. मावा, पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी ज्या वाहिन्यांतील रस पितात, त्यात साखर पुष्कळ आणि शरीर वाढविणारी द्रव्ये थोडी असतात. जे थोडे आहे तेवढे मिळविण्यासाठी त्या जीवाला रस फार प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर तो चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. त्या थेंबांवर काजळीसारखी काळी बुरशी वाढते, पानाला प्रकाश मिळेनासा होतो. त्याच गोडीसाठी मुंग्या येतात, आणि आपल्याला गोड देणाऱ्या या किड्यांचे त्या शत्रूपासून रक्षणही करतात. पाने पिवळी पडतात, मुडपतात, शेंडे खुरटतात, आणि झाड वाळू लागते.

या वर्णनात एक गोष्ट ध्यानात येते. या कीटकात कोठेही दुष्टपणा नाही. मनुष्याने त्याला चोर म्हणावे किंवा राक्षस म्हणावे, पण तो आपल्या स्वभावाने प्राप्त झालेले अन्न खात आहे. तुळस पवित्र आहे हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचे जे पहिले लक्षण सांगितले आहे, ते कोणत्याही भूताचा द्वेष न करण्याचे आहे. तेथे कीटकांना वगळलेले नाही. तेव्हा पुढे काय करावयाचे ते ठरो, पण द्वेषाने काही करावयाचे नाही, एवढे आरंभीच निश्चित झाले.

आता घरात काय घडते ते पाहू. समजा, एका घरी सासूबाई म्हणतात, “तुळशीपाशी जीव मारावयाचा नाही. देवाची इच्छा असेल तसे होईल.” मुलगा म्हणतो, “आई, दुकानातून औषध आणतो. एका दिवसात सगळे साफ होईल.” सूनबाई दोघांचे ऐकते आणि हळूच विचारते, “बाळाच्या खोकल्याच्या काढ्यात रोज हीच पाने घालते मी. मग उद्यापासून कोणती घालू?” तिघांच्याही बोलण्यात सत्याचा अंश आहे. सासूबाईंना जीवाची कणव आहे, मुलाला तुळशीची काळजी आहे, आणि सुनेचे लक्ष त्या पानाच्या पुढच्या प्रवासाकडे आहे. धर्माचा निर्णय या तिन्ही गोष्टी सांभाळूनच व्हावयास हवा.

पहिला पक्ष असा की, जीव मग तो केवढाही असो, मारावयाचा नाही. दुसरा पक्ष असा की, एवढ्याशा किड्याचे काय घेऊन बसलात. आत्मा तर मरतच नाही. या दुसऱ्या पक्षाचे लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार घेतात. परंतु तेथील उपदेश, प्राप्त कर्तव्यासमोर शोकाने हतबल झालेल्या पुरुषाला उभे करण्यासाठी आहे. आत्म्याचे अमरत्व हे बेपर्वाईचे आज्ञापत्र नव्हे. ज्याला त्या सिद्धान्ताचा खरा बोध झाला, त्याला सर्व भूतांत एकच आत्मा दिसू लागेल, आणि त्याचा हात अधिक हळुवार होईल. ज्याचा हात अधिक निष्ठुर झाला, त्याने तो श्लोक पाठ केला, पण पचविला नाही.

या दोन टोकांविषयी महाभारतात अत्यंत मार्मिक अशी एक कथा आहे. अणीमांडव्य ऋषींना, चोरांनी त्यांच्या आश्रमात लपविलेल्या मालामुळे, निरपराध असता सुळावर चढविण्यात आले. पुढे त्यांनी धर्मराजाला विचारले की, हा भोग कोणत्या कर्माचा? उत्तर मिळाले की, बालपणी त्यांनी खेळता खेळता लहान कीटकांच्या शरीरात गवताची काडी खुपसली होती. तेव्हा ऋषींनी धर्मालाच दोष दिला की, अजाण वयातील लहान अपराधाला एवढा भयंकर दंड देणे हा अन्याय आहे. आणि त्यांच्या शापाने धर्माला विदुराच्या रूपाने जन्म घ्यावा लागला. या कथेचे दोन्ही भाग एकत्र वाचले पाहिजेत. कीटकाला खेळ म्हणून दिलेली पीडा धर्माच्या वहीत नोंदली जाते. ती शून्य धरली जात नाही. त्याचबरोबर, तिचे वजन वाटेल तेवढे वाढविले तर खुद्द धर्मालाही जाब द्यावा लागतो. कीटकाच्या जीवाला मोल आहे, आणि त्या मोलाला माप आहे. गृहस्थाने हे माप ओळखावयाचे आहे.

त्याच महाभारतात, वनपर्वात, मिथिलेतील धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो की, शेती हा उत्तम व्यवसाय मानला जातो, पण नांगराच्या फाळाने भूमीतील किती तरी जीव मरतात. चालताना, बसताना, निजतानाही प्राण्यांचा घात होतोच. जगात पूर्णपणे हिंसारहित असा देहधारी कोणी नाही. मात्र जो यत्न करतो त्याच्या हातून ती कमी घडते. स्मृतिकारांनीही गृहस्थाच्या घरात हिंसेची पाच स्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचे भांडे. जाते आणि उखळ आता पुष्कळ घरांतून गेले, त्यांच्या जागी विजेची यंत्रे आली. पण अर्थ बदललेला नाही. ही स्थाने सांगताना शास्त्रकारांनी चूल विझवावयास सांगितले नाही. त्यांनी पाच महायज्ञ सांगितले, आणि त्यांत भूतयज्ञ आहे, म्हणजे कृमिकीटकांसह सर्व प्राण्यांसाठी अन्नाचा भाग काढून ठेवणे. ज्याच्या हातून अपरिहार्यपणे जीव जातात त्याने जीवांचे देणे रोज स्मरावे, असा हा विचार आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायातही, अग्नीबरोबर धूर असावा त्याप्रमाणे प्रत्येक कर्माबरोबर काही दोष असतोच, म्हणून सहज प्राप्त झालेले कर्म टाकू नये, असे स्पष्ट सांगितले आहे.

तुळस ही तर गृहस्थाची आश्रित आहे. तिला त्यानेच कुंडीत बांधले, तिची मुळे त्यानेच चार विटांच्या आत आखून दिली. रानातील झाडाभोवती मोकळी माती असते, वारा असतो, पक्षी असतात, किड्यांना खाणारे दुसरे किडे असतात. घराच्या सज्जात यांपैकी पुष्कळसे नसते. ज्याने तिचे नैसर्गिक रक्षक दूर केले, तिच्या रक्षणाची जबाबदारी त्याच्यावर आली. अशा स्थितीत “मी काहीच करीत नाही, म्हणून मला पाप नाही” असे म्हणणे टिकणारे नाही. नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग तामस आणि कष्टाच्या भयाने केलेला त्याग राजस, असा गीतेचा निर्णय आहे. तुळशीची कीड तशीच राहू देणाऱ्याने एकदा आपल्या मनात डोकावून पाहावे. तेथे खरोखर दया आहे, की पान उलटून पाहण्याचा आळस दयेचे वस्त्र पांघरून बसला आहे?

येथे या सर्व विचाराचे मर्म आहे. हिंसा किती घडणार, हे मारण्याच्या क्षणी ठरत नाही. ते पुष्कळ अगोदर, लक्ष देण्याच्या वा न देण्याच्या क्षणी ठरते. माव्याची मादी अनुकूल ऋतूत नराच्या संयोगावाचून जिवंत पिले प्रसवते, आणि ती पिले आठ-दहा दिवसांत स्वतः प्रसवू लागतात. पिठ्या ढेकणाची एक मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. पहिल्या आठवड्यात एका पानावर दहा जीव असतील, तर ते पान पाण्याखाली धरून बोटाने हळुवार पुसले की काम संपते. महिनाभर दुर्लक्ष केले तर त्याच ठिकाणी हजारो जीव जन्मतात, आणि मग ते हजारो मारावे लागतात किंवा तुळस गमवावी लागते. दहांना हात लावावयास जो “दया” म्हणून कचरला, त्याने आपल्या निष्क्रियतेने हजारांचे मरण ओढवून घेतले. अकर्म दिसते त्यात कर्म पाहावयास गीता सांगते, त्याचे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

म्हणून गृहस्थाची अहिंसा पाहण्यापासून सुरू होते. तुळशीला पाणी घालणे, दिवा लावणे, प्रदक्षिणा घालणे ही कृत्ये घरोघर होतात, पण त्या वेळी दृष्टी पुष्कळदा दुसरीकडेच असते. प्रदक्षिणा ही चारही बाजूंनी पाहण्याची उत्तम संधी आहे. पाणी घालणाऱ्या हाताने रोज दोन-चार पाने उलटून पाहिली, तर कीड कधी बेसुमार होणार नाही. कीड वाढण्याची कारणेही सेवेतच लपलेली असतात. भक्तीने रोज तांब्याभर पाणी ओतले जाते, पण कुंडीतून त्याचा निचरा होत नाही आणि मुळे कुजतात. अशक्त झाडावर कीड लवकर बळावते. कोणी जोमदार वाढीसाठी नत्रयुक्त खत सढळपणे घालतो. त्याने पाने लुसलुशीत होतात आणि माव्याला तीच आवडतात. ऊन नसलेल्या कोपऱ्यात कुंडी ठेवली जाते. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या जात नाहीत, आणि झाडाची शक्ती बी पिकविण्यात संपते. मुंग्यांना साखर घालणे हे पुण्यकृत्य आहे. परंतु ते वृंदावनाच्या पायथ्याशीच केले, तर त्याच मुंग्या वर चढून माव्याच्या राखणदार होतात. साखर घालावी, पण ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. पुण्यकृत्यालाही योग्य स्थळ लागते.

एवढे करूनही कीड लागली तर काय करावे? गीतेने कर्माचे तीन प्रकार केले आहेत, ते येथे तंतोतंत लागू पडतात. परिणाम, हानी, हिंसा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म तामस. दुकानदाराने दिलेले विष, ते काय आहे हे न वाचता, दुप्पट प्रमाणात फवारणे हे त्या जातीचे आहे. अहंकाराने आणि धडपडीने केलेले कर्म राजस. शेजाऱ्याच्या तुळशीपेक्षा आपली हिरवी दिसावी म्हणून केलेला खटाटोप त्यात मोडतो. आसक्ती आणि राग-द्वेष सोडून केलेले नियत कर्म सात्त्विक. कीटकाविषयी राग नाही, पण तुळशीचे रक्षण हे प्राप्त कर्म आहे, म्हणून जेवढे अवश्य तेवढेच करावयाचे.

सात्त्विक मार्गाला पायऱ्या आहेत, आणि खालची पायरी पुरत असताना वरची चढावयाची नाही. पहिली पायरी पाण्याची. लागण झालेली कुंडी इतर झाडांपासून दूर ठेवावी आणि सकाळी पानांच्या मागील बाजूवर पाण्याची जोराची धार सोडावी. मावा एवढ्यानेच मोठ्या प्रमाणात निघून जातो. तीन-चार दिवस हे सतत करावे. दुसरी पायरी कात्रीची. फार भरलेला शेंडा तेवढा कापून काढावा. तो शेजाऱ्याच्या कुंपणावरून टाकू नये, किंवा निर्माल्य म्हणून नदीतही सोडू नये. साबणाच्या पाण्यात बुडवून मातीत पुरावा. आपल्या दारची पीडा दुसऱ्याच्या दारी नेऊन सोडणे याला जीवदया म्हणता येणार नाही. तिसरी पायरी सौम्य साबणाची. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचाभर सौम्य साबणाचे द्रावण मिसळून, आधी दोन पानांवर लावून पाहावे, मग मऊ कुंचल्याने पिठ्या ढेकणाचे पुंजके पुसून काढावे आणि थोड्या वेळाने स्वच्छ पाण्याने झाड धुवावे. साबणाने त्या किड्यावरील मेणाचे आवरण निघते आणि त्याचा श्वास कोंडतो. ही हिंसा आहे, हे लपविण्याचे कारण नाही. चौथी पायरी निंबोळीची. सुमारे ५० ग्रॅम वाटलेल्या निंबोळ्या रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून, तो अर्क सायंकाळी फवारावा. सायंकाळी एवढ्यासाठी की, मंजिरीवर येणाऱ्या मधमाश्या तोपर्यंत परतलेल्या असतात. निंबोळीतील द्रव्याने कीटकाची भूक मंदावते आणि त्याचे कात टाकणे बिघडते. त्यानंतर काही दिवस त्या झाडाची पाने तीर्थासाठी किंवा काढ्यासाठी खुडू नयेत.

येथे एक सूक्ष्म प्रश्न उरतो. हे काम कोणी करावे? पुष्कळ घरांत असे दिसते की, यजमान स्वतः किड्याला हात लावीत नाहीत. ते माळ्याला किंवा कामवाल्या बाईला सांगतात, आणि आपण सोवळ्यात राहतात. पतंजलींनी योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि संमती दिलेली. तिन्हींचे फळ दुःखच आहे. माळ्याच्या हातून मरविलेला कीटक यजमानाच्याच नावे जमा होतो. उलट त्यात आणखी एक दोष मिळतो, तो असा की, विषाचा तुषार माळ्याच्या श्वासात जातो. २०१७ साली विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. ज्या कपाशीचे वस्त्र सर्व देश नेसतो, तिच्या रक्षणाचे हे मोल कोणी दिले याचा विचार वस्त्र नेसणाऱ्यानेही करावयास हवा. स्वतःच्या हाताने केलेल्या कर्माचा एक मोठा लाभ आहे: हात थांबतो. प्रत्येक पान स्वतः पुसणाऱ्याला आवश्यक किती आणि अधिक किती, हे कळते. हुकूम देणाऱ्याला ते कळत नाही.

हुकूम जितका दुरून, तितका संहार मोठा, याचे एक दारुण उदाहरण केरळातील कासरगोड जिल्ह्यात घडले. काजूच्या कोवळ्या पालवीचा रस शोषणारा एक कीटक आहे. कोकणातील बागायतदार त्याला ढेकण्या म्हणतात. त्याच्या बंदोबस्तासाठी तेथील काजूच्या विस्तीर्ण बागांवर एन्डोसल्फान नावाचे विष वर्षानुवर्षे, २००० सालापर्यंत, हेलिकॉप्टरमधून फवारले गेले. बागांच्या खाली वाड्या होत्या, विहिरी होत्या, ओढे होते. पुढे त्या गावांतील अनेक घरांत व्यंगे घेऊन जन्मलेली बालके आणि असाध्य व्याधींनी पिडलेली माणसे दिसून आली. अखेर १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषाचे उत्पादन, विक्री आणि वापर देशभर थांबविण्याचा आदेश दिला. आकाशातून फवारणाऱ्याला पान दिसत नव्हते, कीटक दिसत नव्हता आणि ओढ्याकाठचे मूलही दिसत नव्हते. त्याच्यापाशी क्रूरता असण्याची गरजच पडली नाही. न पाहणे एवढेच पुरे झाले.

आता सूनबाईच्या प्रश्नाकडे वळू. काही आधुनिक विषे आंतरप्रवाही असतात. ती मातीत घातली वा पानावर पडली तरी झाडाच्या रसात मिसळतात आणि त्या रसाबरोबर सर्वत्र जातात. पानात, मंजिरीत, मधमाशी घेऊन जाते त्या परागातही. कीटक रस पितो म्हणून मरतो. पण तोच रस पानात आहे, आणि ते पान धुतल्याने तो निघून जात नाही. तेच पान नैवेद्यावर जाते, तीर्थात पडते आणि लेकराच्या काढ्यात उकळते. नवव्या अध्यायात भगवंताने भक्तिपूर्वक दिलेले पान स्वीकारण्याचे वचन दिले आहे. त्या पानात विष भरून ते अर्पण करणे कोणत्या भक्तीत बसेल? तिसऱ्या अध्यायात यज्ञशेष खाणारे पापमुक्त होतात, असे सांगितले आहे. येथे तर यज्ञशेषच अपायकारक झाले. म्हणून पूजेच्या आणि औषधाच्या तुळशीवर असे विष कदापि घालू नये. कीटक आणि मनुष्य एकाच वाटीतून पीत आहेत, ही गोष्ट तुळशीच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. कीटकासाठी त्या वाटीत जे टाकले जाईल, ते मनुष्याच्याही ओठांशी येणार.

कोणी विचारील, “ढालकिड्यासारखे किडे मावा खातात. ते आणून सोडले तर आपण हिंसेतून सुटलो की नाही?” असे उपाय खरोखर आहेत. १८९८ मध्ये दक्षिणेतील कॉफीच्या मळ्यांवरील खवले किडीसाठी ऑस्ट्रेलियातून एका जातीचा ढालकिडा आणला गेला. त्या किडीवर त्याचा विशेष उपयोग झाला नाही, परंतु पिठ्या ढेकणाचा तो मोठा भक्षक ठरला, आणि आजही त्याचा उपयोग केला जातो. २००८ साली कोइमतूर येथे पपईवरील परदेशी पिठ्या ढेकूण आढळला आणि पपई, तुती यांसारख्या पिकांची मोठी नासाडी झाली. २०१० मध्ये त्याच्या मूळ प्रदेशाकडील एक अतिसूक्ष्म परोपजीवी माशी आणून सोडल्यावर तो आटोक्यात आला. हे मार्ग विषापेक्षा निःसंशय श्रेयस्कर आहेत, कारण त्यांत इतर जीवांचा व्यर्थ घात होत नाही. तथापि जो ढालकिडा सोडतो, तो त्याच्या शिकारीचा भागीदार असतोच. करविलेल्या हिंसेचा नियम येथेही लागू आहे. त्याला एवढेच समाधान असू शकते की, सृष्टीच्या व्यवस्थेत जे माप होते, ते त्याने पुन्हा जागेवर आणले. घरच्या तुळशीवर आपण होऊन आलेला ढालकिडा दिसला, तर त्याला कीड समजून मारू नये, एवढे भान ठेवले तरी पुष्कळ झाले.

कधी कधी सर्व यत्न करूनही तुळस वाचत नाही. तेव्हा गृहस्थाने अपशकुन मानून भयभीत होऊ नये, आणि खोटी आशा धरून वाळलेले, किडीने भरलेले झाड इतर झाडांशेजारी ठेवूही नये. त्याच्या निरोगी मंजिऱ्यांतील बी आधीच जपून ठेवावे, झाड आदराने काढून मातीत पुरावे, कुंडीतील माती बदलून ती उन्हात तापवावी आणि नवे रोप लावावे. वनस्पतीला देह आहे, म्हणून तिला अंतही आहे. यत्नाचा अधिकार मनुष्याचा, फळाचा नव्हे, हा गीतेचा उपदेश अशाच लहान वियोगांत अंगी मुरतो.

सारांश, तुळशीवरील कीड गृहस्थाला तीन गोष्टी विचारते. त्याने वेळेवर पाहिले का? जे करावयाचे ते स्वतःच्या हाताने आणि मापाने केले का? आणि त्याच्या उपायाचा शेवट कोणाच्या मुखी जातो याचा विचार केला का? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर पान पुसताना मेलेल्या कीटकांबद्दल त्याने खंत जरूर बाळगावी, पण कर्तव्य सोडू नये. भूतयज्ञाचा घास काढताना त्या जीवांचेही स्मरण करावे. उत्तर नकारार्थी असेल, तर एकही कीटक न मारता तो हिंसेपासून मुक्त राहिला, असे समजण्याचे कारण नाही. उद्या सकाळी तुळशीला पाणी घालताना दोन पाने उलटून पाहणे, हा अहिंसेचा अगदी लहान आणि प्रत्येकाला साधणारा आरंभ आहे.